गुडघ्याला साधा ओरखडा नाही

प्रिय भाऊ,

ताईचा आशीर्वाद, आणि त्याच पाकिटातून रागही पाठवते आहे.

मी बरी आहे. इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसभर ओल्या चादरी उचलते. हात जरा फुटलेत, पण ते इथे सगळ्यांचेच फुटतात. आईचा खोकला थांबला का?

आता मुद्द्याचं. माझी चिमणी महिनाभर सायकल शिकते आहे आणि तू अजून सीट धरून तिच्यामागे पळतोस, असं तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं. वर तू मला कौतुकाने कळवतोस की तिच्या गुडघ्याला साधा ओरखडा नाही. शाबासकी हवी आहे का?

तुझ्या मुलाच्या वेळी तर तू दुसऱ्याच दिवशी हात सोडलास. तो धडपडला, त्याने भोकाड पसरलं आणि तू पोट धरून हसलास. मग माझ्या लेकीला वेगळा न्याय का? तुझ्या बायकोने विचारलं तर तू म्हणालास, "दुसऱ्याचं लेकरू आहे, जपायला हवं." दुसऱ्याचं? सख्ख्या बहिणीचं आहे ते. पाहुणी म्हणून ठेवलेली नाही मी तिला तुझ्याकडे.

परवा ती मला फोनवर विचारत होती, "आई, मामा दादाला ओरडतो, मग मला का नाही ओरडत?" काय सांगू मी तिला?

तेव्हा उद्याच्या उद्या हात सोड. पडली तर हस आणि हट्ट केला तर चांगला ओरड.

लागलं तर जखम धुऊन औषध लाव. मला मात्र खपली पडल्यावरच सांग.

तुझी,
ताई