नाव बदला

५ जानेवारी
चिखलीत आले आणि पहिल्याच दिवशी काम आवडलं. मोतीरामकाकांचं बसस्टँडजवळ पत्रिकांचं दुकान आहे. लग्न, बारसं, शोकपत्रिका, सगळं होतं. इथं कॉम्प्युटरवर कोरं पान कोणी उघडतच नाही. जुनी पत्रिका उघडायची आणि नाव बदलायचं. माझ्या आधीच्या संघपालनं एडिटरमध्ये त्यासाठी स्वतःची कमांडच लिहून ठेवलीय, ‘नाव बदला’. नवं नाव दिलं की पानभर जुनं जाऊन नवं बसतं. एवढा हुशार माणूस पुण्याला का पळाला कोण जाणे. रात्री गावाकडे, धाडला, आईला फोन केला. तिचा एकच प्रश्न, "जेवली का वं समे?"

११ जानेवारी
आज मी स्वतः एक एक्स्टेन्शन लिहिलं, त्या कमांडला जोडलेली पुरवणीच. वरचं नाव बदललं की गाव आणि खालची घरच्यांची नावं गिऱ्हाइकांच्या यादीतून आपोआप येतात. चाचणीसाठी आमचंही घर यादीत घातलं. मी आणि आई, दोघीच. काकांनी खुश होऊन चहा मागवला. मी दिवसभर हवेत होते.

१९ जानेवारी
सकाळी जुनी शोकपत्रिका उघडली तर नावाच्या जागी मंजुळाबाई. समोर मेथी विकतात त्या. मी काहीच टाइप केलं नव्हतं. माझ्याच एक्स्टेन्शनचा घोळ असणार. बाहेर बाई जुड्या बांधत होत्या. मला हसू आलं.

२० जानेवारी
मंजुळाबाई गेल्या. त्यांचा मुलगा पत्रिका करायला आला. ती आधीच तयार होती. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

२३ जानेवारी
एक्स्टेन्शनची ओळ न् ओळ तपासली. चूक नाही. ते फक्त खालची नावं भरतं, वरचं नाव त्याला द्यावं लागतं. मग ती शोकपत्रिका उघडली.
कालकथित बनाबाई. माझी आई.
नाव पुसलं. परत आलं. फाइलच उडवली. तीही परत. आई फोनवर म्हणाली, छातीत कसंसंच होऊन राह्यलं, पण तू घाबरू नोको.
संघपालला फोन लावला. त्याच्या वेळी त्याच्या वडिलांचं नाव आलं होतं. पुसलं जात नाही म्हणाला, फक्त बदलतं. वडील अजून ठणठणीत आहेत. कोणाचं नाव टाकलं विचारलं, तर तो रडायलाच लागला.

२४ जानेवारी, दुपार
आईला दवाखान्यात नेलंय. शेजारची सारिका म्हणते, लवकर ये.
यादीत चारशे नावं आहेत. कोणाचं टाकू? काका समोर बसलेत, पाणी पी म्हणतात. त्यांचं? नाही— कोणाचंच नाही—

टाकलं. माझंच. समता.

सारिकाचा फोन आला. आई उठून बसली. भाकर मागितली. मी खूप रडले, सुखानं—

पत्रिका खाली आपोआप भरली. शोकाकुल: आई, बनाबाई. धाड. एकच नाव.
हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तिला वाचता येत नाही. ती पत्रिका घेऊन सारिकाकडे जाईल, वाचून दाखव म्हणेल, आणि सारिका—

हात गार पडलेत. मीच सांगते तिला. फोन लावलाय. उचलला. म्हणते, समे, बोल ना वं, काऊन बोलत नाही— बोलतेय आई— मी मोठ्यानं बो