घासूनपुसून पाठवलेले नमुने

ता. ४ जुलै

चि. चिमणीस, आजोबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. तुझ्या संशोधनाचे नऊ लाकडी तुकडे पाठवायला माळ्यावरून काढले, पण डबा उघडला तर सगळ्यांवर बुरशी. म्हटलं, सुताराच्या नातीने विद्यापीठात असलं लाकूड न्यायचं? चार दिवस बसून पॉलिश पेपरने घासले, तेल पाजलं, आरसा केला आणि मग पाठवले. काल तुझी आई म्हणाली, बाबा, ती बुरशीच तर तिचा अभ्यास आहे. वीस तारखेला विद्यापीठाच्या समितीने काम नापसंत केलं तर तुझं वर्ष जाणार, हेही तिनेच सांगितलं. दोन शिव्या घाल, पण लवकर घाल.

तुझा आजोबा

ता. २२ जुलै

ती. आजोबांस, सा. न.

शिव्यांना वेळच मिळाला नाही. डबा बघून मी रडले आणि आमच्या मार्गदर्शक बाई हसल्या. आमचं विद्यापीठ माझ्याहून लहान, प्रयोगशाळेला अजून रंगाचा वास. इथे सगळंच करून बघायचं असतं. बाईंनी तुमचे तुकडे माझ्याजवळच्या साध्या, बिनतेलाच्या तुकड्यांसोबत ओल्या पेटीत ठेवायला लावले. साध्यांवर बुरशीची दाढी आली, तुमच्या सातांवर काही नाही, उरलेल्या दोनांवर मात्र आली. समितीने मला दोन तास पिळलं. तेल कुठलं, तेलाचे हात किती, त्या दोनांचं काय बिघडलं, मला काही सांगता येईना. आजोबांना माहीत, म्हटलं, तर म्हणाले, मग त्यांनाच आणा. निर्णय दहा ऑगस्टला. याल ना?

तुमची लाडकी (अजून तरी)
चिमणी

ता. २८ जुलै

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, केलंत ना, आता निस्तरा. येतो. तेल जवसाचं, त्यात राळ. किती घालायची ते हाताला कळतं, तोंडाने सांगता येत नाही. म्हणून कढई आणि कुंचला घेऊनच येतो. राळ मी घालीन, त्यांनी वजन करावं.

एक गोष्ट लपवणार होतो, पण तुझ्या वर्षाचा प्रश्न आहे. सात तुकड्यांना तीन हात दिले. शेवटच्या दोनांना तेल पुरलं नाही, एका हातावरच भागवलं. हे समितीला सांगितलं तर तुझं नुकसान तर नाही ना होणार?

चौथीच्या परीक्षेला मी घरातून पळालो होतो. ही चुकवणार नाही. शर्ट कुठला घालू, फाटकावर कोणाचं नाव सांगू, ते उलट टपाली कळव. वाट बघतो.

तुझा आजोबा