मधल्या टेबलावरचं कागदी गाव

३ मार्च, सोमवार

नाव दिलं! दिलं एकदाचं! दुकानवालीने वहीत लिहून घेतलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एकटीच? आणि कागदाचं?"

हो, कागदाचं. छापायचं, कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं. अख्खं गाव. पाच एप्रिलला तयार.

रस्त्यावर आल्यावर भानावर आले. काय करून बसले मी हे!

गेली दोन वर्षं शनिवारी दुपारी आम्ही पाच जण त्या खेळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जमतो. टेबलावर फासे, बोटाएवढे योद्धे, जादूगार, राक्षस. स्कूलबस चालवणारा आमचा सूत्रधार गोष्ट रचतो आणि आम्ही तिच्यात जीव मुठीत धरून पळतो. मी तिथे बुटकी चोर आहे — चांगलीच नावाजलेली! पण आमचं गाव म्हणजे बुटांची खोकी आणि उभी केलेली पुस्तकं. आता दुकानात दोन दिवसांचा मेळावा भरतोय. ज्याचं गाव सरस ठरेल, ते वर्षभर मधल्या मोठ्या टेबलावर राहणार. सगळे त्यात खेळणार.

स्पर्धेत समोर तिघे भाऊ, शेजारच्या टेबलावर खेळणारे. त्यांची प्लॅस्टिकची ओतीव घरं, झकास रंगवलेली. धाकटा म्हणाला, "ताई, कागद? आणि कुणी शिंकलं तर?"

बघतेच.

५ मार्च, बुधवार

कारखान्यात अठरा वर्षं हेच तर करतेय. पुठ्ठ्याच्या खोक्यांचे नमुने — टूथपेस्ट, गोळ्या, साबण. घडी कुठे येईल, चिकटवायची पट्टी कुठे ठेवायची, खाच कुठे मारायची, झोपेतही सांगेन.

पहिली इमारत, एक सराय. संगणकावर भिंती सपाट उलगडून काढल्या, वर दगडांचं चित्र चढवलं, जाड कागदावर छापलं. घडीच्या रेषा शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घेतल्या. पाऊण तासात उभी! छप्पर उचललं की आत योद्धे फिरवता येतात.

फक्त दिसते साबणाच्या खोक्यासारखी.

८ मार्च, शनिवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत. चौदा महिने झाले. परांचीवरून पडले, खुबा मोडला. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, आता चाला. बाबा ऐकून घेतात आणि चालत नाहीत. खुर्ची ते मोरी, मोरी ते पलंग. पन्नास वर्षं गवंडीकाम केलेला माणूस! बोलणंही तेवढंच. "चहा." "पंखा." "बंद कर ते."

सरायीचा गोंद ओला होता म्हणून तिला त्यांच्यासमोरच्या तिपाईवर वाळत ठेवली आणि मी कांदा चिरायला घेतला. मागून आवाज —

"हे कुठल्या गाढवानं बांधलं?"

सुरी हातात तशीच राहिली. चौदा महिन्यांतलं सगळ्यांत लांब वाक्य!

"मी, बाबा."

"सांधे बघ. एकावर एक, एकावर एक. वरपासून खालपर्यंत सरळ चीर. एक धक्का दिला की भिंत आडवी."

"अहो, कागद आहे. दगडांचं नुसतं चित्र आहे ते."

"मग चित्र खोटं काढायचं?"

आणि परत खिडकीकडे तोंड. मी ओट्याशी उभी राहून हसत होते की रडत होते, देव जाणे. कांदा होताच म्हणा निमित्ताला.

९ मार्च, रविवार

सगळे दगड नव्याने काढले. खालच्या दोन दगडांच्या मधोमध वरचा दगड. सांधा कुठेही सरळ जात नाही. छापून तिपाईवर ठेवलं.

"कोपरे?"

"कोपऱ्यांचं काय?"

"लांब-आखूड, लांब-आखूड. कोपरा असा एकमेकांत गुंफतात. आणि दारावर लिंटल कुठाय? वरचा भार काय बाई तू डोक्यावर घेणार?"

पुन्हा संगणक.

१३ मार्च, गुरुवार

चौथी सराय. बाबांनी हातात घेतली, एक डोळा मिटून कडेने बघितली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"हं."

बाबांचं "हं" म्हणजे पास! त्यांच्या हाताखालची माणसं या "हं"साठी आठ-आठ दिवस झुरायची. मला ते चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळालं!

आणि खोकं कुठल्या कुठे गेलं. खरंच सराय दिसते. वाटतं, आत कुणीतरी चूल फुंकतंय.

२० मार्च, गुरुवार

नऊ घरं, एक लोहारशाळा, एक दवाखाना (आमचे लोक फार मार खातात). कारखान्यातून आले की हात-पाय धुऊन सरळ कात्री. कापलेल्या कडांचा पांढरा कागद दिसतो, तिथे स्केचपेन फिरवायचं काम बाबांकडे. करतात. कुरकुरत करतात, पण करतात. "हा काय रंग? असला दगड बघितलायस कधी?"

२२ मार्च, शनिवार

बुरुज वाकला.

दीड फुटाचा, गावातला सगळ्यांत उंच. गोंद वाळता वाळता बुरुजाचं पोट आत गेलं आणि कंबर मोडल्यासारखा उभा. तीन दिवसांचं काम! मी डोकं धरून खाली बसले.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पलंगाखालची माझी पिशवी काढ."

हत्यारांची पिशवी. पडल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी आतून ओळंबा काढला — तोच, दोरीला पितळी वजन — आणि माझ्या कागदी बुरुजाशेजारी धरला. दोरी सरळ, बुरुज तिरपा.

"आत काय आहे?"

"काही नाही. पोकळ."

"म्हणूनच. पोटात आडव्या भिंती घाल. दर बोटभर उंचीवर एक."

रात्रीच्या जेवणाआधी घातल्या. पुठ्ठ्याच्या चकत्या, प्रत्येकीला चार खाचा. पुन्हा ओळंबा धरला. सुतासारखा सरळ!

३० मार्च, रविवार

भांडण. आणि चूक माझी.

नदीवरचा पूल राहिलाय. मी म्हटलं, दोन खांब, वर सपाट फळी, संपवून टाकते. बाबा म्हणाले, कमान.

"सहा दिवस उरलेत, बाबा!"

"मग पाच दिवसांत बांध."

"कागदाची कमान नाही राहत."

"कमानच राहते. फळी नाही राहत."

मी दमले होते. तोंडातून गेलं, "तुम्हाला काय, बसल्या जागी बोलायला!"

त्यांनी स्केचपेनचं टोपण लावलं, तिपाईवर ठेवलं, खिडकीकडे वळले.

३१ मार्च, सोमवार

बाबांनी चहासुद्धा मागितला नाही. मी ठेवला, तो निवून गेला.

१ एप्रिल, मंगळवार

कारखान्यातून आले तर तिपाईवर अकरा पाचरी ओळीने मांडलेल्या. उरल्यासुरल्या पुठ्ठ्याच्या, स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापलेल्या, दुमडून चिकटवलेल्या. वर रुंद, खाली निमुळत्या. कडा वेड्यावाकड्या — हात थरथरतो ना हल्ली.

मी जमिनीवर बसले. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "दोन्ही बाजूंनी वर चढत जायचं. मधला सगळ्यांत शेवटी. तो कळीचा दगड. तो बसला की एकमेकांना ढकलत सगळे उभे राहतात."

दोघांनी मिळून बांधला. खालून आधाराला वरवंटा दिला होता. मधला बसवल्यावर बाबा म्हणाले, "काढ." माझा हात होईना. त्यांनीच ओढून काढला.

पूल जागच्या जागी!

मग त्याच मापाने नीट आखून छापला. तरी खरा पूल तोच, वेड्यावाकड्या कडांचा.

५ एप्रिल, शनिवार

मांडलं! चौदा घरं, बुरुज, पूल. सात खोक्यांत भरून बसवाल्या सूत्रधाराच्या गाडीतून नेलं, प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव वरखाली. बाबांना म्हटलं, चला ना. नाही म्हणाले. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

भावांचं गाव देखणं आहे, खोटं कशाला बोलू. पण लोक आमच्या टेबलापाशी वाकतात, छप्पर उचलतात आणि "अरे!" म्हणतात. आज चाळीस तरी "अरे" मोजले!

६ एप्रिल, रविवार

जिंकलो! जिंकलो, जिंकलो, जिंकलो!

हात थांबत नाहीये, तरी क्रमाने लिहिते. शेवटचा डाव आमच्या गावात होता. धाकट्या भावाकडे त्यांचा ड्रॅगन, ओतीव धातूचा, अर्ध्या किलोच्या खाली नसेल. त्याची पाळी आली. म्हणाला, "माझा ड्रॅगन पुलावर उतरतो."

सूत्रधार म्हणाला, "अरे, शेजारी ठेव. समजून घेऊ."

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. चेहरा खट्याळ नव्हता, खरं तर घाबरलाच होता बिचारा. "ताई?"

"ठेव."

ठेवला. हळूच बोटं काढली.

पुलाने हूं की चूं केलं नाही! दीड तास तो ड्रॅगन तिथे बसून आग ओकत होता, फासे आदळत होते, कुणाचा तरी कोपर लागला — पूल ढिम्म! डाव संपला तसा धाकटा टेबलाखाली वाकून कमानीचं पोट बघायला लागला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या मिस्त्रींनी."

मतं घेतली. एकतीस हात आमच्या बाजूने वर, त्यात तीन त्या भावांचे! दुकानवाली ओरडली, "मधलं टेबल रिकामं करा रे!"

बाहेर येऊन घरी फोन लावला. नवव्या रिंगला उचलला.

"राहिला?"

"राहिला, बाबा! वर धातूचा ड्रॅगन होता!"

"किती वेळ?"

"दीड तास."

तिकडून घसा खाकरल्याचा आवाज. मग, "हं."

९ एप्रिल, बुधवार

गावाची सगळी पानं दुकानवालीने सर्वांना छापायला मोकळी करून दिली. पहिल्या पानावर लिहिलंय — आखणी माझी, बांधकाम मिस्त्रींचं. लोक आपापले पूल बांधून फोटो पाठवतायत. ज्यांना मी ओळखत नाही, अशा घरांतल्या टेबलांवर आमचा पूल! बाबांना दाखवले. वाटलं, खूश होतील.

"हा बघ! मधला आधी चिकटवलाय. आणि हा — याला तर कमान म्हणायलाच नको. कुणी सांगत नाही यांना?"

"कोण सांगणार, बाबा?"

माझ्या हातातून फोन घेऊन ते फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले.

११ एप्रिल, शुक्रवार

शेजारच्या काकू विचारत होत्या, "तुझे बाबा रोज दुपारी जिन्यात काय करतात गं? वर-खाली, वर-खाली." म्हटलं, दुसरं कुणी असेल. काकूंचा चष्मा बदलायला झालाय.

१२ एप्रिल, शनिवार

दुकानात पोचले तर मधल्या टेबलापाशी बाबा! एकटे आले होते. भोवती सात जण खुर्च्या ओढून बसलेले, हातात कात्र्या, माना खाली — त्यात तो धाकटाही. मला बघून म्हणाले, "उशीर केलास. बस तिकडे."

स्वतः उभे होते.