माझ्या पाण्यात बघ

६ फेब्रुवारी

चि. खडू यास अनेक आशीर्वाद.

मी इकडे बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. बरी नाहीये. डोकं फिरलंय.

तुमच्या कारखान्यातून आमच्याकडे साबणाची निळी पिंपं येतात ती तुला माहीतच आहेत. तो साबण पाण्यात कालवून मी पट्ट्यावर सोडते, म्हणजे धुतलेल्या काचेच्या बाटल्या सरसर घसरत भरायच्या यंत्रापर्यंत जातात. बावीस वर्षं हेच करतेय. दोन मग साबण, एक टाकी पाणी. गेले तीन आठवडे बाटल्या अडायला लागल्यात. पुढची एक अडली की मागच्या तिला ढुशा देतात आणि सगळ्या धडाधड आडव्या. काल झाकणं बसवणारी आपली झाकणवाली आहे ना, माझ्या शेजारी बसून डबा खाते ती, तिच्या मनगटात काच घुसली. सात टाके पडले. रक्त मी माझ्या हाताने पुसलं.

आता आमचा नवीन सुपरवायझर म्हणतो, बाई मापाने कालवत नाही, अंदाजाने कालवते, म्हणून हे झालं. कागद तयार केलाय त्याने. साबणपाणी माझ्या हातून चुकलं आणि त्यामुळे बाईला लागलं, असं त्यात लिहिलंय म्हणे. महिनाअखेरपर्यंत त्यावर सही कर, मग तुला मागच्या अंगणात तडा गेलेल्या बाटल्या निवडायला बसवतो, असं मला सगळ्यांच्या देखत सांगितलं. त्याचे बूट बघ एकदा. कारखान्यात येऊन चार महिने झाले, अजून एक शिंतोडा नाही.

पट्ट्यावर पांढरा चिकट थर धरतोय. बोटाने खरवडला तर मेणासारखा निघतो. फिटर तो ॲसिड टाकून धुतो, आणि धुतला की असा वास सुटतो की विचारू नकोस. बोकडाचा. बायका मला विचारतात, घरी पाळलाय काय गं एखादा.

तू शिकलेला आहेस, तिथेच तपासणीला आहेस. त्या पिंपात काय असतं ते दोन ओळींत कळव. दोनच.

जीव लावतोस तेवढा लाव, पण उत्तर आधी टाक.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. झाकणवाल्या मावशींचं वाचून वाईट वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग.

दोन ओळींत बसणार नाही, पण सोपं करून लिहितो. तेलात निरनिराळ्या लांबीची आम्लं असतात, कार्बनच्या साखळ्या म्हण. आपल्या नेहमीच्या अंगाच्या साबणात बऱ्याचशा लांब साखळ्या असतात. आम्ही आठ ते बारा कार्बनच्या मध्यम साखळ्या घेतो आणि त्यांचा पोटॅशचा साबण करतो. त्याच्या एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. म्हणून तो दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि पृष्ठभाग निसरडा करतो. शेपूट आखूड असल्यामुळे गार पाण्यातही पटकन विरघळतो, आणि साखळी जितकी आखूड तितका फेसही कमी. हाच माल थोडाफार बदलून शाम्पूत जातो, गाद्यांच्या फेसाळ रबरात जातो, रंगांत जातो, लोखंड कापताना पात्यावर सोडायच्या पाण्यातही जातो. मोठा गुणी पदार्थ आहे.

वासाचं म्हणशील तर गंमत आहे. साबणावर ॲसिड पडलं की तो फुटतो आणि मूळ आम्ल मोकळं होतं. त्या आम्लांना शास्त्रात नावंच बकरीवरून दिली आहेत, इतका तो वास तसा असतो. तेव्हा तुमच्या बायका चुकीचं काही बोलल्या नाहीत.

पण पिंपात दोष नाही, ताई. गेल्या दोन महिन्यांची सगळी पिंपं मी स्वतः तपासली आहेत, प्रत्येकाच्या दाखल्यावर माझी सही आहे. पाण्यात टाकलं की काचेसारखं स्वच्छ. रागावू नकोस, पण तू अजून त्याच जुन्या मगाने घालतेस ना? त्याचा कान मोडलेला होता तेव्हापासून मी बघतोय. एखादं खुणा केलेलं भांडं घे. सुपरवायझर म्हणतो त्यात थोडं तथ्य असू शकेल.

गुडघे कसे आहेत? माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा खडू

१५ फेब्रुवारी

चि. खडू यास आशीर्वाद. अनेक नाहीत, एकच.

मी विचारलं बाटल्या का पडतात, आणि तू मला गाद्यांचं रबर सांगतोस! मला गादी करायचीय का? आणि मगाचा कान मोडला म्हणजे त्याचा पोटभाग लहान झाला का रे? बावीस वर्षं त्याच मगात तेवढंच मावतं.

आता नीट वाच. मी अंदाजाने कालवते हे खरं. पण मी आंधळी नाही. प्रत्येक नवीन पिंप उघडलं की पहिल्या कालवणातलं थोडं मी काचेच्या बरणीत भरते आणि भांडारातल्या फळीवर ठेवते. फार मागे एकदा माझ्यावर असाच ठपका आला होता, तेव्हापासून. नंबराच्या चिठ्ठ्या ओलीने सुटतात, म्हणून गळ्याला दोरा बांधते. लाल, मग पिवळा, मग हिरवा, की परत लाल. आता फळीवर नऊ बरण्या आहेत. सहा बरण्यांतून पलीकडची भिंत दिसते. शेवटच्या तिनांत दूध नासल्यासारखं झालंय. पांढरे गोळे, वर तवंग. मग तोच, टाकी तीच, हात तोच. बदललं काय? पिंप.

हे मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, बरणीत तू काय घातलंस कोणाला ठाऊक.

आणि तुझी सही मी बघितली. दाखल्यावर, खाली. ओळखू नको का? तुझ्या नावाचं पहिलं अक्षर मी गिरवून घेतलंय पाटीवर. तू लिहायच्या आधी खडूच खायचास, म्हणून तर हे नाव पडलं. सहीला उंदरासारखी शेपूट काढायची खोड अजून गेली नाही.

तू म्हणतोस तुझ्या पाण्यात स्वच्छ झालं. तुझं पाणी कुठलं? रिकामी पिंपं परत न्यायला जो ट्रकवाला येतो, त्याच्याबरोबर आमच्या नळाच्या पाण्याची बाटली पाठवलीय. लाल दोरा बांधलाय. शेवटच्या तीन पिंपांतला माल असेलच तुमच्याकडे ठेवलेला. तुझ्या पाण्यात नको, माझ्या पाण्यात बघ. बघून काय दिसलं ते लिही. शिकवू नकोस, दिसलं ते लिही.

ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. बाटली सोळालाच मिळाली होती. तेव्हाच करून बघितलं होतं.

तुझ्या पाण्यात नासलं.

तुमचं पाणी जड आहे. त्यात चुनखडी विरघळलेली असते, म्हणजे एका अर्थी खडूच. साबणाला ती भेटली की दोघांचा चिकट गोळा होतो आणि निसरडेपणा जातो. हे टाळायला आम्ही पिंपात एक पूड घालतो, ती चुनखडीला धरून ठेवते, साबणाला हात लावू देत नाही. या तीन खेपांत ती पूड पडलेली नाही. पोतं ओलं होऊन तिचे दगड झाले होते. कालवणाऱ्याने मला येऊन सांगितलं होतं. मी म्हटलं, तपासून बघतो. आमच्या खोलीत बाष्प गार करून केलेलं शुद्ध पाणी असतं, हाताशी असतं, मी त्यातच तपासलं. त्यात चुनखडी नसतेच, मग नासणार काय? स्वच्छ दिसलं. मी सही केली. तीनदा.

ताई, आता माझं ऐक. तपासणीच्या खोलीचा प्रमुख कोण होणार ते याच महिन्यात ठरतंय. मोठ्या साहेबांनी मला दोनदा आत बोलावलं. आत्ता हे निघालं तर संपलंच. पुढच्या पिंपांत पूड दुप्पट लक्ष देऊन घालून घेतो, तुझ्या बाटल्या परत धावतील, कोणाला कळणारही नाही. तू त्या कागदावर सही करून टाक. बाटल्या निवडायचं काम बसून करायचं असतं. तुझे गुडघे तरी सुटतील. बावीस वर्षं उभी आहेस.

मी चुकलो हे तुला लिहिलंय, ते फक्त तुला. राग धरू नकोस.

तुझा खडू

२६ फेब्रुवारी

खडू,

गुडघ्यांची काळजी तुला आज वाटली काय?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्याचं लिहिलेलं अडखळत वाचावं लागतं मला, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा टोचला. सोळाला कळलं आणि तेवीसला लिहिलंस. त्या सात दिवसांत आमच्याकडे अकरा वेळा पट्टा थांबला. अकराही वेळा लोकांनी माझ्याकडे बघितलं.

आज सुपरवायझरने कागद पुढे केला. मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही करणार नाही. तो म्हणाला, मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, मला डोळे आहेत. अर्धा तास लागला. तो बुटाने फरशीवर टकटक करत उभा. मी एकेक अक्षर जोडत राहिले. त्यात लिहिलं होतं की माझ्या निष्काळजीपणामुळे. तो शब्द जोडायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि जुळला तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

मग भांडारातून नऊच्या नऊ बरण्या आणून मालकाच्या टेबलावर मांडल्या. त्यांच्या कागदांवर ओल उतरली, उतरू दे. सुपरवायझरने परत तेच सुरू केलं, की बरणीत कोणीही काहीही घालेल. मी मालकांना म्हटलं, ज्याने पिंप तपासलं तोच सांगेल. त्यांनी विचारलं, सांगेल का? मी म्हटलं, सोमवारपर्यंत सांगेल.

तुझं पत्र माझ्या पिशवीतच होतं. काढून ठेवलं असतं तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. नाही काढलं. तुझं नावही घेतलं नाही. पण त्याचा अर्थ वेगळा लावू नकोस. मी तुला वाचवलेलं नाही. तुझ्या तोंडून यावं म्हणून थांबलेय, सोमवारपर्यंत.

झाकणवालीची दोन बोटं मिटत नाहीयेत. डॉक्टर म्हणतो बघू. ती मला म्हणते, ताई तुझा हात चुकला असेल तर असू दे, माझा राग नाही. तिला मी काय सांगू? चुकला म्हणू? तू सांग.

आशीर्वाद सोमवारनंतर बघू.

ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

माझं आधीचं पत्र तुला मिळालं असेल. त्याचं उत्तर यायच्या आत हे टाकतोय, कारण उत्तर काय येणार ते मला माहीत आहे.

तुझ्या पाण्यातला तो नमुना मी फेकला नव्हता. बरणीत भरून खिडकीत ठेवला होता. लाल दोरा बाटलीचा काढून त्यालाच बांधला, का ते माहीत नाही. रोज कामावर आलो की आधी तोच दिसायचा. काल साहेबांनी मला आत बोलावलं, प्रमुखपदाबद्दलच. मी जाताना ती बरणी घेऊन गेलो.

सगळं सांगितलं. ते म्हणाले की पत्र तूच लिही, सही तूच कर. ते आज तुमच्या मालकांच्या नावाने निघालंय. तिन्ही खेपांची पिंपं परत मागवली आहेत. प्रमुख दुसरा झाला. मला सध्या सहीचा अधिकार नाही. पूड तोलायचं काम दिलंय, पोत्यापाशी उभं राहून.

आता माझेही गुडघे दुखतात.

तुझा खडू

६ मार्च

चि. खडू यास अनेक आशीर्वाद.

आपली दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं मला शनिवारी मिळालं. माझं तुला मिळालं असेल तर त्यातलं शेवटचं, आशीर्वादाचं वाक्य खोड. बाकी ठेव. बाकी खरं आहे.

सोमवारी मालकांनी मला बोलावून तुझं पत्र सुपरवायझरलाच मोठ्याने वाचायला लावलं. तो वाचत असताना मी त्याच्या बुटांकडे बघत होते. वाचून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला. मी सही बघितली. या वेळी शेपूट नव्हती. घाई होती की लाज वाटली?

माझा कागद मालकांनी फाडला. सुपरवायझर मला चुकलो म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की पुढच्या वेळी बरण्यांना चिठ्ठ्या लाव. मी म्हटलं, दोरे बरे आहेत, ते सगळ्यांना वाचता येतात.

नवी पिंपं आली. दोन मग, एक टाकी. पहिल्या पाळीला एकही बाटली आडवी झाली नाही. फिटर पट्ट्याला नाक लावून हुंगून आला आणि म्हणाला, बोकड गेला. बायका खूप हसल्या. मीसुद्धा.

झाकणवाली मात्र हसली नाही, ती घरीच आहे. एक बोट मिटायला लागलंय, दुसरं अजून नाही. तिला मी सांगितलं की माझा हात चुकला नव्हता. तिने विचारलं, मग कोणाचा? मी म्हटलं, तो तुला लिहील. तेव्हा आता मला पत्र नको पाठवूस. तिला लिही. पूड, चुनखडी, आखूड शेपूट काही नको, काय केलंस तेवढं लिही. अक्षर मोठं काढ, वाचून मीच दाखवणार आहे.

तोपर्यंत उभा राहून पूड तोल. पोतं कोरडं आहे ना ते आधी बघ.

फळीवर दहावी बरणी ठेवलीय, लाल दोऱ्याची. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. आतून भिंत दिसतेय, ती बघायला बरं वाटतं.

तुझी ताई