नौफल होडीत बसतो तिथपर्यंत

लाडक्या नौफल,

तू इटलीला जायला होडीत बसलास, त्याला आता दुसरा उन्हाळा आला. तुझा फोन नाही, त्या होडीतल्या कुणाचाच नाही. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला ठाऊक नाही, तरी लिहिते आहे.

मी कादंबरी लिहायला घेतली आहे. हसू नकोस. शाळेतल्या निबंधांपलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. पहिलं वाक्य किती वेळा खोडलं! शेवटी तुझ्यावरच लिहायला लागले. आईला, आपल्या उम्मीला, वाचता येत नाही, म्हणून दुपारी मीच तिला वाचून दाखवते.

"माझा नौफल इतकं गोड कुठे बोलतो? शिव्या घाल त्यात," ती म्हणाली.

मी घातल्या. किती दिवसांनी ती हसली.

पण तू निघालास त्या पहाटेशी आले, की ती मला अडवायची. "आधी जेवू दे गं त्याला, रौदा." म्हणून कादंबरीत तू नुसता जेवतोस. कुसकुस, तळलेले मासे, परत कुसकुस. असली कादंबरी कोण वाचणार?

काल मात्र तीच म्हणाली, "लिही आता. बसव त्याला होडीत."

मी लिहिलं. समुद्र शांत ठेवला. माझा हात घट्ट धरून ती ऐकत होती.

"मग? पोचला का?"

"मी नवी आहे, उम्मी. पुढचं मला अजून लिहिता येत नाही."

तिने माझा हात थोपटला. मग म्हणाली, "शिकून घे. मी थांबते."

तुझी ताई,
रौदा