दोन्हींतली चांगली योंगशंगला

३ मार्च

जुळलं! माझं आणि योंगशंगचं रक्त जुळलं. आणखी कसलं कसलं जुळवतात तेही जुळलं. न जुळायला काय झालं — नऊ महिने माझ्याच पोटात होता की! आता माझी एक किडनी लेकाला द्यायची. दोन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा त्या रक्त धुणाऱ्या यंत्राला बांधून घेतो. छत्तीस वर्षांचा गडी, आणि पाणी पितो ते झाकणानं मोजून, कारण लघवीच होत नाही. सुटेल आता.

पण आधी माझी मोठी तपासणी, पंधरा एप्रिलला, हफेईच्या इस्पितळात. वय एकसष्ट, म्हणून नीट बघणार म्हणे. बघा की!

ही वही नातीची, थोंगथोंगची. मागची पानं कोरी होती. मी शाळेत दोनच वर्षं गेले. ती म्हणते, "आजी, तुझी अक्षरं रांगेत उभी राहत नाहीत." न राहोत.

५ मार्च

वैद्य खोंगांकडे गेले. तीस वर्षं मी आणि म्हातारा इथल्या बाजारासाठी औषधी मुळ्या कापतोय, अख्ख्या बोजोऊ शहराला त्या मुळ्यांचा वास आहे, पण स्वतःसाठी मी एकही कधी उकळली नव्हती.

तीन बोटांनी नाडी बघितली. आधी एक हात, मग दुसरा. जीभ बघितली. म्हणाले, "किडनीचं बळ कमी आहे. कंबर दुखते? पटकन घाबरतेस?" म्हटलं, मी फक्त सुनेला घाबरते. हसले. मग म्हणाले, "ऐक. मी जिला किडनी म्हणतो तिच्यात तुझी कंबर आली, कान आले, केस आले, मनातली भीती आली. इस्पितळवाल्यांची किडनी मुठीएवढी. तिचं मी काही सांगू शकत नाही. कणसाच्या केसांचा चहा घे, हलका. दुसरं काही नको. आणि जे घेशील ते तिथं सांग."

पण बळ कमी आहे म्हणजे आहेच ना! लेकाला काय अशक्त किडनी द्यायची?

९ मार्च

मक्याच्या कणसाचे केस गेल्या वर्षीचे वाळवलेले होतेच. मूठभर घेतले, मंद आचेवर उकळले. रंग सोन्यासारखा, चव गोडसर. म्हातारा वाकून बघतो नि म्हणतो, "घोड्याचं मूत दिसतंय." म्हटलं, तुला कोण देतंय?

१६ मार्च

नुसत्या चहानं काय होणार. माझी आई गुडघा दुखला की पाया शिजवायची, डोकं दुखलं की भेजा. म्हणून मी रोज गुर्दे आणते, डुकराच्या किडन्या. चिरून, आतलं पांढरं काढून, वाइनमध्ये भिजवून, आल्याबरोबर मोठ्या आचेवर परतायचे. वर काळे तीळ, काळे सोयाबीन — काळं ते किडनीला चांगलं. आणि मीठ जरा जास्त. खारटही तिलाच लागतं.

आज तुआन खाटीक सगळ्या रांगेसमोर ओरडला, "वहिनी, रोज दोन जोड्या? दादांना ताकद देताय वाटतं!" गुर्द्यांनी पुरुषाची ताकद वाढते म्हणतात ना, रांग हसून हसून वाकली! तपासणी होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, नजर लागते — म्हणून गप्प बसले.

२० मार्च

म्हातारा पत्त्यांच्या अड्ड्यावरून लाल होऊन आला. तिथं तो बसला की सगळे मुद्दाम खोकतात म्हणे. एकानं विचारलं, "काय, लागू पडतंय का?" मी हसता हसता जमिनीवर बसले. चाळीस वर्षांत एवढं हसले नव्हते.

५ एप्रिल

आज पितरांचा दिवस. सासूबाईंच्या थडग्यावरचं गवत काढलं, त्यांच्यासाठी कागदी पैसे जाळले. सगळं सांगितलं त्यांना. तुमच्या नातवासाठी देतेय, तेव्हा जरा लक्ष ठेवा. जिवंतपणी कधी माझं ऐकलं नाही, आता ऐकतील.

शेजारच्या शाओ आजीनं मुळ्या मुरवलेली दारू दिली, सात वर्षं जुनी. रोज रात्री दोन घोट. अंग कसं पेटतं!

१६ एप्रिल

काल तपासणी.

डॉक्टरीण पोरगेलीशी, चष्मेवाली. आकडे बघितले, परत बघितले. "आजी, काय खाता तुम्ही?" मी अभिमानानं सगळं सांगितलं — गुर्दे, दारू, तीळ. तिनं पेन खाली ठेवलं. "आकडे चढलेत. रक्तदाबही. उरलेल्या एका किडनीवर तुम्हाला जगायचंय. महिन्यानं परत बघू. असंच असेल तर मी नाही म्हणेन."

बाहेर योंगशंग बाकावर बसला होता. उठला. माझी पिशवी उचलली फक्त.

बसनं अडीच तास. घरी आल्यावर सून रुईफांगनं दारूची बरणी उचलून मोरीत ओतली आणि तिथंच रडायला लागली. "आई, तुम्हाला पहिलवान व्हायला कोणी सांगितलं होतं?"

माझ्या हातानं घालवलं मी.

१७ एप्रिल

वैद्य खोंगांनी नाडी बघायलाही नकार दिला. "अर्धंच ऐकलंस! अर्धंच!" सगळं दुकान बघत होतं. "आता काही नको. माझा चहाही नको. पाणी पी आणि चाल." आपलाच चहा बंद करणारा वैद्य मी पहिल्यांदा बघितला.

२२ एप्रिल

पाणी. भात. कोबी. नदीपर्यंत चालणं.

१ मे

योंगशंग आला. यंत्रावरून थेट, तोंड राखेसारखं. म्हणतो, "आई, नाही जमलं तरी चालेल. मला सवय झाली." म्हटलं, गप. मला नाही झाली.

१५ मे

उतरले! सगळे आकडे उतरले! ती चष्मेवाली हसली, मी तिचा हातच धरला.

मग वाद. मी म्हटलं, दोन्हींतली चांगली असेल ती योंगशंगला द्या. ती म्हणाली, "नाही आजी, चांगली तुमच्याकडे ठेवायची. तसा नियम आहे." हा कसला नियम! ताटातलं चांगलं आधी कोणाला वाढतात? खूप भांडले. शेवटी म्हणाली, "दोन्ही सारख्याच आहेत हो!" खरं-खोटं तिला माहीत. मी मात्र डावी सांगितली आहे, काळजाच्या बाजूची.

२७ मे

उद्या हफेईला. परवा कापणार.

म्हातारा आज स्वतःहून अड्ड्यावर जाऊन सांगून आला — ताकद माझ्यासाठी नव्हती, पोरासाठी होती. कोणी खोकलं नाही म्हणे. तुआन खाटीक उठला नि त्याच्या कपात चहा ओतला. हे सांगून म्हाताऱ्यानं नाक शिंकरलं, म्हणतो, सर्दी झालीय.

भीती वाटते का? वाटते. थोडी.

३० मे

पोट ओढतं, तरी लिहिते. रुईफांग एका पायात चप्पल घालून धावत आली, अख्ख्या वॉर्डासमोर ओरडली —

"योंगशंग मुतला! दोन वर्षांनी! लघवीची पिशवी भरली!"