हिरव्या दोऱ्याच्या माशा

धुळे
ता. ९ जानेवारी १९९१

ती. झुंबरअक्कांस,
विशाखाचा स. जयभीम.

तुमच्या हातचे पंख पाण्यात सुटलेच कसे, असं तुम्ही आधारभाऊजींकडून कार्डावर विचारलंत. अक्का, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही.

घडलं ते असं. मासे धरायच्या गळावर आपण पिसांच्या बांधतो त्या कॅडिस माशांची पेटी परदेशातून परत आली. तिकडच्या गिऱ्हाइकाने लिहिलंय की गळ दोनदा पाण्यात पडला की छपरासारखे मिटलेले पंख उलगडतात आणि नुसतं भिजकं पीस उरतं. अशा नकली माशीला मासा हुंगतसुद्धा नाही. यादवनानांनी पेटी सगळ्यांसमोर सतरंजीवर उपडी केली. सुटलेल्या प्रत्येक माशीच्या डोक्याला हिरवा दोरा होता. सुनंदाबाईंचा लाल, आबेदाचा काळा, हिरवा तुमचा, हे शेडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. नाना म्हणाले, झुंबरबाईंनी आता पाचोऱ्यालाच नातू सांभाळावा. आबेदा म्हणाली की गळ गंजेल, पण अक्कांचा पंख सुटायचा नाही. मी तपासनीस म्हणून स्टुलावर होते. वहीत बघत राहिले.

बाळाचं नाव ठरलं का? घरी दादांचा खोकला कमी आहे. तुम्ही तिकडे थोडी विश्रांती घ्या.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भाची,
विशाखा

पाचोरा
ता. १६ जानेवारी १९९१

चि. विशाखा हिस,
अनेक आशीर्वाद. सांगणार मी, लिहिणार आमचे जावई.

बी.एस्सी. झालेल्या पोरीला एका प्रश्नाचं उत्तर येत नाही, हे ऐकून मी आधाररावांना म्हटलं, पुन्हा वाचा, एखादी ओळ राहिली असेल. त्यांनी दोनदा वाचलं.

इथे मी सहा माशा बांधून तपेलीत टाकल्या. चार दिवस झाले, पंख जसेच्या तसे आहेत. मग त्या पेटीतलेच कसे सुटले? वॉर्निशचा दुसरा हात द्यायला मी विसरले असणार. मना डोया गयात वं पोरी, दुसरं काय शे!

तू मात्र माझी बाजू घेऊन नानांशी भांडू नकोस. माझं झालं तेवढं पुरे. तुझ्या नोकरीला माझा बट्टा नको. बाळाचं नाव राहुल ठेवलं. त्याला मावशी बघायची आहे.

आशीर्वाद आहेतच, घेत राहा.
झुंबरबाई

ता.क. विशाखाताई, हे त्यांनी सांगितलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डोळे चांगले आहेत म्हणाले. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, म्हणजे डोकंच गेलं. गळ पकडायचा चिमटा त्यांनी फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. दिवसभर हात मांडीवर ठेवून बसतात. आधार

धुळे
ता. २१ जानेवारी १९९१

ती. अक्कांस,
स. जयभीम.

तुमचे डोळे, हात, डोकं सगळं जागेवर आहे. त्या माशा मी बांधल्या होत्या.

तुम्ही दिवाळीआधीच ताईच्या बाळंतपणाला गेलात तेव्हा नाना तुमची जागा दुसरीला देतील या भीतीने, काम सुटल्यावर मी तुमच्या सतरंजीवर बसत होते. रीळ तुमचं घेतलं, म्हणजे काम तुमच्या नावावर पडेल; वहीतही लिहिलं की या माशा तुम्ही जाण्याआधीच बांधून ठेवल्या होत्या. पिसाला वॉर्निशचे दोन हात आणि मग दिवसभर दोरीवर वाळवणं, हा मला म्हाताऱ्या माणसांचा उगाचचा नेम वाटला. मी बाभळीचा डिंक लावला. घटकेत वाळला. पंख काचेसारखे ताठ झाले. रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीने एकही माशी पाण्यात घालून पाहिली नाही. मग स्टुलावर बसून मीच त्या पास केल्या.

पेटी उपडी झाली तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. वस्तीतली पहिली पदवीधर म्हणून विहारात मला हार घातला होता, तेव्हा खरेपणावर भाषणही मीच केलं होतं. ते सगळं आठवलं आणि तोंड उघडेना. त्या दिवसापासून पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला मी नुसते ओठ हलवते. आणि तुम्ही मला लिहिता, माझा बट्टा तुला नको!

काल सकाळी सगळ्या जमल्यावर मी तपेलीत पाणी घेतलं. तुमची जुनी एक माशी टाकली, माझी एक टाकली. तुमची तशीच राहिली. माझी बघता बघता सुटली. मग सगळं सांगितलं. सुनंदाबाई म्हणाल्या, डिंक बाळंतिणीच्या लाडवात घालतात गं बाई, माशीला नाही. आबेदा हसली नाही. तिने फक्त विचारलं की अक्कांना कळवलं का. तुमच्यासाठी नानांनी चिठ्ठी दिली आहे, ती सोबत आहे. या म्हणतात, लवकर या.

भाऊजींना चिमटा माळ्यावरून काढायला सांगा. हिरवं रीळ तुमच्या जागेवर ठेवलं आहे. त्याला कुणी हात लावत नाही, मीही नाही.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही. स्टूल मी सोडलं. आज सकाळपासून सतरंजीच्या टोकाला, आबेदाच्या हाताखाली, पंख बांधायला शिकते आहे. माझा दोरा पांढरा घेतला.

विशाखा